पिशवीतलं पिवळं

तालुक्याच्या गावी दवाखान्यात सलाईन लावायची वेळ आली की रुग्णाबरोबर आलेलं माणूस हमखास विचारतं, "डॉक्टर, पांढरं लावणार का पिवळं?" पांढऱ्यावर लोकांचा भरवसा कमी. ते नुसतं पाणी, असं धरून चालतात. पिवळं म्हणजे ताकदीचं. पिवळ्याचे चार पैसे जास्त पडले तरी घरचे कुरकुर करत नाहीत, आणि दुसऱ्या दिवशी रुग्णाला गडद पिवळी लघवी झाली की ताकद अंगात शिरल्याची त्यांना खूण पटते.

हा पिवळेपणा बाटलीत टोचलेल्या दहा मिलिलिटरच्या एका अँपूलमधून येतो. दवाखान्यात तिला एमव्हीआय म्हणतात; शिरेतून द्यायची बरीच जीवनसत्त्वं तिच्यात एकत्र असतात. त्यातल्या रायबोफ्लेविनचा, म्हणजे बी-२ चा रंग पिवळा. जास्तीचं रायबोफ्लेविन मूत्रपिंडं बाहेर टाकतात, म्हणून लघवीही पिवळी. जुलाब-उलट्यांनी गळून गेलेल्या, एरवी धडधाकट माणसाला त्या अँपूलने फारसा फरक पडत नाही. त्याला मीठ-पाणी हवं असतं आणि ते पांढऱ्या बाटलीतही असतं. मात्र एका प्रकारच्या रुग्णाच्या बाबतीत पांढरं की पिवळं हा प्रश्न जिवाशी येऊन भिडतो. त्याच्या पोटाची मोठी शस्त्रक्रिया झालेली असते, आठवडेच्या आठवडे त्याच्या तोंडात अन्नाचा कण गेलेला नसतो, आणि त्याचं सगळं जेवण शिरेतून चाललेलं असतं. हे प्रकरण त्या रुग्णाचं आहे.

आतडं निकामी होण्याची कारणं अनेक. रक्तपुरवठा तुटून लहान आतड्याचा मोठा भाग काळा पडतो आणि कापून काढावा लागतो. टाके सुटून आतड्यातला ऐवज पोटाच्या कातडीतून बाहेर वाहू लागतो. याला फिस्टुला म्हणतात, आणि तो भरून यायला महिने लागू शकतात. कधी आतडं शाबूत असूनही शस्त्रक्रियेनंतर हलायचं नाव घेत नाही. अशा वेळी तोंडाने किंवा नाकातल्या नळीने काही देता येत नाही. मग गळ्याच्या किंवा गळपट्टीच्या हाडाखालच्या मोठ्या शिरेत नळी सरकवून तिच्यावाटे ग्लुकोज, अमिनो आम्लं, तेलाचं दुधाळ मिश्रण, क्षार आणि जीवनसत्त्वं असं सगळं रक्तात सोडतात. वॉर्डात याला टीपीएन, म्हणजे टोटल पॅरेंटरल न्यूट्रिशन, म्हणतात. ‘टोटल’ म्हणजे संपूर्ण, हा त्यातला पहिला शब्द. तो खरा ठरवण्याची जबाबदारी मिश्रण बनवणाऱ्यावर असते.

शिरेत काही सोडून पाहण्याची माणसाची हौस जुनी आहे. लंडनचं सेंट पॉल कॅथीड्रल बांधणाऱ्या ख्रिस्तोफर रेनने १६५६ च्या सुमारास ऑक्सफर्डला पिसाची नळी आणि प्राण्याचं मूत्राशय वापरून कुत्र्यांच्या शिरांत दारू सोडली होती. पण शिरेतून पोट भरायचं म्हणजे एक साधी अडचण होती. दिवसभराला पुरेल इतकं ग्लुकोज पातळ करून द्यावं तर पाण्याचे लिटरच्या लिटर शरीरात जातात. घट्ट करून द्यावं तर हाताची शीर त्या पाकाने भाजून निघते. स्वीडनच्या आर्विड व्रेटलिंडने १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला सोयाबीन तेलाचं शिरेत चालेल असं मिश्रण तयार केलं आणि थोड्या पाण्यात बरीच ऊर्जा देण्याची एक वाट उघडली. दुसरी वाट फिलाडेल्फियात सापडली. पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात जोनाथन ऱ्होड्सच्या हाताखाली काम करणाऱ्या स्टॅन्ली डड्रिक या तरुण सर्जनने नळी थेट हृदयाजवळच्या महाशिरेपर्यंत नेली. तिथे रक्ताचा लोट इतका मोठा की घट्ट पाक पडताक्षणी पातळ होतो. बीगल जातीच्या कुत्र्यांची सहा पिल्लं त्याने केवळ शिरेतून वाढवली, त्यातलं एक तर २५६ दिवस, आणि ती आपल्या खात्यापित्या भावंडांच्या बरोबरीने वाढली. १९६७ मध्ये फिलाडेल्फियाच्या मुलांच्या रुग्णालयात जवळजवळ सगळं लहान आतडं नसलेली एक मुलगी जन्मली. डग्लस विल्मोर आणि डड्रिक यांनी तिला शिरेतून पोसलं. ती वाढली, तिचं वजन वाढलं, आणि ती २२ महिने जगली. त्याआधी अशा बाळाचं आयुष्य दिवसांत मोजायचे.

या यशाची मोठाई सांगताना एक गोष्ट सहसा सांगायची राहते. आपण भाकरी खातो तेव्हा भाकरीत काय काय आहे याचा हिशेब ठेवत नाही. ज्वारीबरोबर थायमिन येतं, पालेभाजीबरोबर फॉलिक ॲसिड आणि के, लिंबाच्या फोडीबरोबर सी. कोणी मागितलेलं नसतानाही ते ताटात येतं. शिरेतल्या जेवणात असं न मागता काहीच येत नाही. मिश्रण तयार करणाऱ्याने जे घातलं तेवढंच रुग्णाला मिळतं, आणि जे राहून गेलं ते पिशवीकडे पाहून कळत नाही. माझ्या मते टीपीएनची खरी अवघड बाजू हीच आहे. शिरेत नळी घालायला हात तयार होतो. विसरलेली वस्तू दिसायला नजर तयार व्हायला फार वेळ लागतो.

सुरुवातीच्या काळात तसंच झालं. १९७० च्या दशकातल्या जीवनसत्त्वांच्या मिश्रणात बी-१२, फॉलिक ॲसिड, बायोटिन आणि के नव्हतं. बायोटिन तर सगळ्यांच्या ध्यानातून गेलेलं. आतड्यातले जंतू ते तयार करतात, माणसाला त्याची उणीव पडतच नाही, असं पाठ्यपुस्तकं सांगत. १९८१ मध्ये अमेरिकेतून एका मुलाची हकिगत प्रसिद्ध झाली. त्याचं आतडं कापलेलं, पोषण शिरेतून चाललेलं. काही महिन्यांत त्याचे केस गळाले, डोळ्या-तोंडाभोवती लाल खरजेसारखं पुरळ उठलं, आणि ते कशानेच जाईना. बायोटिन दिल्यावर पुरळ गेलं आणि केस परतले. माणसाच्या शरीराला बायोटिनची गरज बाहेरूनच भागवावी लागते, हे त्या एका मुलाच्या टाळूवरून वैद्यकाला नीट कळलं.

बायोटिनची उणीव महिन्यांनी दिसते. थायमिन तेवढी सवड देत नाही, म्हणून या प्रकरणात सगळ्यात जास्त जागा त्याला द्यायला हवी.

थायमिन म्हणजे बी-१. प्रौढ माणसाच्या सगळ्या शरीरात मिळून त्याचा साठा २५ ते ३० मिलिग्रॅम, म्हणजे चिमूटभर मिठाहूनही कितीतरी कमी. रोज लागतं सव्वा मिलिग्रॅमच्या आसपास, आणि खाण्यात ग्लुकोज जितकं जास्त तितकं थायमिन जास्त लागतं. पुरवठा थांबला की दोन-तीन आठवड्यांत कोठार रिकामं होतं. आता टीपीएनवर येणारा रुग्ण डोळ्यांपुढे आणा. शस्त्रक्रियेआधी तो दोन आठवडे ओकत होता. खाणं सुटलेलं. मग ऑपरेशन, ताप, जंतुसंसर्ग. त्यात गरज वाढते. लघवी वाढवणाऱ्या औषधांबरोबर थायमिन वाहून जातं, डायलिसिस लागलं तर त्यातूनही जातं. पिशवी लागते त्या दिवशी त्याचं कोठार अर्धं तरी भरलेलं असेल, असं धरून चालता येत नाही. अशा माणसाच्या शिरेत आपण रोज दोनशे-तीनशे ग्रॅम ग्लुकोज ओततो.

पुढे पेशीत काय होतं ते कर्जत स्टेशनावर पाहता येईल. मुंबईहून पुण्याकडे निघालेली लांब पल्ल्याची गाडी कर्जतपर्यंत आपल्या इंजिनावर येते. पुढे बोरघाट. तो चढायला मागून बँकर इंजिनं जोडावी लागतात. समजा एक दिवस कर्जतला एकही बँकर नाही. पहिली गाडी उभी राहील, मागून दुसरी येईल, तिसरी येईल. लोणावळ्याच्या पलीकडे माल पोचेना म्हणून कोणी मुंबईहून आणखी चार गाड्या सोडल्या, तर लोणावळा तसंच उपाशी राहील आणि कर्जतचं यार्ड मात्र तुंबेल. पेशीत ग्लुकोज फुटून पायरुव्हेट होतं, तिथपर्यंतची वाट सपाट. पायरुव्हेटने पेशीच्या भट्टीत, मायटोकॉन्ड्रियात चढायचं तर त्याला थायमिनचा जोर लागतो. थायमिन नसलं की पायरुव्हेट साचतं आणि बाजूच्या रुळावर वळतं. तो रूळ लॅक्टिक ॲसिडचा. एका ग्लुकोजच्या रेणूतून भट्टीवाटे तीसच्या आसपास एटीपी, म्हणजे पेशीच्या ऊर्जेची नाणी, मिळायची तिथे दोनावर भागवावं लागतं, आणि रक्त आंबट होत जातं. पिशवी जितकी जोरात चालेल तितकं आंबट.

आयसीयूत याचं चित्र कसं दिसतं? पोटाची शस्त्रक्रिया झालेला रुग्ण दोन-तीन आठवड्यांनी अचानक जोरजोरात श्वास घेऊ लागतो. नाडी धावते. रक्तदाब उतरतो. पोट दुखतं, उलट्या होतात. रक्ततपासणीत लॅक्टेट चढलेलं. हे पाहून कोणाही सर्जनच्या मनात पहिली शंका येते ती पोटात गळती झाल्याची, आतडं सडल्याची, नाहीतर रक्तात जंतू पसरल्याची. शंका रास्तच आहे, कारण बहुतेक वेळा तसंच असतं. म्हणून अँटिबायोटिक बदलतात, सोडा बायकार्बोनेट देतात, स्कॅन करतात, वेळ आली तर पोट पुन्हा उघडतात. आत काही सापडत नाही. बायकार्बोनेटने आंबटपणा घडीभर उतरतो आणि पुन्हा चढतो. आणि या साऱ्या धावपळीत उशाशी लटकलेली पिशवी थेंब थेंब ग्लुकोज सोडत राहते. शंभर मिलिग्रॅम थायमिन शिरेतून दिलं असतं, तर काही तासांत आंबटपणा उतरू लागला असता. किंमत म्हणाल तर रुग्णालयातल्या सगळ्यात स्वस्त इंजेक्शनांत ते मोडतं.

अमेरिकेत हा धडा दोनदा गिरवावा लागला. थायमिनरहित टीपीएनवर असलेले तीन रुग्ण कशालाही न जुमानणाऱ्या लॅक्टिक ॲसिडोसिसने दगावल्याची नोंद १९८९ मध्ये तिथल्या रोगनियंत्रण केंद्राने, म्हणजे सीडीसीने प्रसिद्ध केली. त्यानंतर आठ वर्षांनी तेच पुन्हा. १९९६ च्या अखेरीपासून शिरेतून द्यायच्या मल्टिव्हिटॅमिनचा देशभर तुटवडा पडला. बाकीचं मिश्रण मिळत होतं, फक्त पिवळं अँपूल मिळत नव्हतं. ठिकठिकाणी पिशव्या पिवळ्याशिवाय लटकू लागल्या. दोन आठवडे जीवनसत्त्वं नसली तर काय बिघडतं, हा हिशेब एरवीच्या खात्यापित्या माणसाला धरून केलेला. जून १९९७ मध्ये सीडीसीने तीन नवे रुग्ण मांडले: पिशवीत जीवनसत्त्वं नव्हती, रक्त आंबट झालं, आणि थायमिन दिल्यावर निवळलं. मनाला लागते ती गोष्ट अशी की तुटवडा मिश्र अँपूलचा होता; सुट्या थायमिनचं साधं इंजेक्शन देता आलं असतं. ‘मल्टिव्हिटॅमिन नाही’ या वाक्यात थायमिनही नाही हे दडलेलं होतं, आणि ते वेगळं काढून पाहायला हवं हे लवकर कोणाच्या लक्षात आलं नाही.

त्याच १९९७ सालच्या जूनमध्ये जपानच्या आरोग्य मंत्रालयालाही शिरेतल्या पोषणादरम्यान होणाऱ्या गंभीर ॲसिडोसिसबद्दल तातडीची सूचना काढावी लागली: थायमिन घातल्याशिवाय हे मिश्रण देऊ नका. जपानने ती काढावी याचं फार वाईट वाटतं, कारण थायमिनच्या उणिवेशी झगडण्यात ज्या देशांचं नाव पहिल्यांदा घ्यावं त्यांत जपान आहे. १८८० च्या दशकात जपानी आरमाराचे वैद्य ताकाकी कानेहिरो यांनी खलाशांच्या ताटातला नुसता पांढरा भात कमी करून सातू, मांस, दूध वाढवलं आणि बेरीबेरीने पाय सुजून, हृदय थकून मरणारी माणसं वाचवली. नेमकं काय कमी होतं ते ताकाकींना ठाऊक नव्हतं. ते पुढे बटाव्हियात, म्हणजे आजच्या जकार्तात, हळूहळू उलगडलं. तिथल्या लष्करी इस्पितळात डच वैद्य क्रिस्तियान आइकमानच्या कोंबड्यांना इस्पितळाच्या मुदपाकखान्यातला उरलेला सडीचा पांढरा भात घालत, तेव्हा त्या लुळ्या पडल्या. नवा आचारी आला, त्याने लष्करी तांदूळ कोंबड्यांना द्यायला नकार दिला, त्यांना कोंड्यासकट तांदूळ मिळू लागला आणि त्या चालू लागल्या. कोंड्यातलं ते द्रव्य १९२६ मध्ये जावातच स्फटिकरूपात हाती आलं. आइकमानला १९२९ मध्ये नोबेल मिळालं. सडीचा तांदूळ आणि ग्लुकोजची पिशवी, दोन्हींत दोष एकच: पिठूळ-गोड भाग आहे, तो जाळायचं साधन नाही.

रक्त आंबट होणं हे थायमिनच्या उणिवेचं एक रूप. दुसरं मेंदूत दिसतं, आणि त्याच्या पहिल्या वर्णनातच सर्जरीचा धागा आहे. कार्ल वेर्निके या जर्मन वैद्याने १८८१ मध्ये तीन रुग्ण मांडले. दोघे दारूडे पुरुष होते, आणि वेर्निकेचा आजार म्हटलं की दारूच आठवते ती त्यांच्यामुळे. तिसरी एक तरुण शिवणकाम करणारी मुलगी. तिने गंधकाचं आम्ल प्यायलं होतं. त्यातून जीव वाचला, पण जठराचं तोंड भाजून आवळलं गेलं. खाल्लेलं पुढे सरकेना, सतत उलट्या. मग नजर स्थिरावेना, बुबुळं हलेनात, तोल जाऊ लागला, शुद्ध हरपत गेली आणि ती वारली. दारूचा थेंबही नसताना, केवळ पोट अडल्यामुळे झालेला हा आजार. आज वजन कमी करण्याच्या शस्त्रक्रियेनंतर महिना-दोन महिने ओकत राहिलेल्या रुग्णांत तोच दिसतो, आणि दारू पीत नाही म्हटल्यावर डॉक्टरांच्या मनात तो सहजी येत नाही.

सिंगापूरच्या युद्धकैद्यांच्या छावणीत हा आजार फार विदारक रूपात दिसला. फेब्रुवारी १९४२ मध्ये सिंगापूर पडलं. कैद्यांना पांढरा भात मिळू लागला आणि सहाएक आठवड्यांतच पहिले रुग्ण आले. द वॉर्डनर आणि लेनॉक्स या दोन वैद्यांनी छावणीतच टिपणं ठेवली, लपवून राखली, आणि १९४७ मध्ये ५२ रुग्णांची हकिगत छापली. त्यांच्याकडे थायमिन मोजकं होतं. ज्याला दोन-दोन मिलिग्रॅम देता आलं तो सुधारताना त्यांनी डोळ्यांनी पाहिला.

म्हणून आज नियम असा मानतात की उपाशी राहिलेल्या रुग्णाला पोषण सुरू करण्याआधी थायमिन द्यायचं. ब्रिटनमधल्या नाइस या संस्थेने २००६ मध्ये घालून दिलेल्या सूचनांनुसार, फार दिवस उपाशी राहिलेल्याला पोषणाच्या आधी आणि पहिले दहा दिवस रोज २०० ते ३०० मिलिग्रॅम थायमिन द्यावं आणि पोषणाची सुरुवात दिवसाला किलोमागे दहा किलोकॅलरीपासून, हळूहळू करावी. एकदम भरभरून दिलं तर रक्तातलं फॉस्फेट आणि पोटॅशियम पेशींत ओढलं जातं, आणि हृदयाचे ठोके बिघडतात. मॅग्नेशियमही पाहावं लागतं, कारण ते कमी असेल तर दिलेलं थायमिन कामाला लागत नाही. रक्तातली ग्लुकोजची पातळी धोक्याइतकी घसरलेली असेल तर मात्र थायमिनच्या वाटेकडे डोळे लावून बसायचं नाही. तिथे दोन्ही बरोबर द्यायचं. आणि थायमिनची पातळी मोजण्यासाठी रक्त पाठवलं तरी अहवाल यायला दिवस लागतात. शंका आली की आधी सुई, मग अहवाल.

सर्जनला स्वतःच्या हातच्या कामात दिसणारं जीवनसत्त्व म्हणजे सी. जखम भरते ती कोलॅजनच्या दोऱ्यांनी, आणि त्या दोऱ्यांना पीळ बसायला सी लागतं. बॉस्टनमधल्या जॉन क्रॅन्डन या शिकाऊ सर्जनने हे स्वतःच्या अंगावर तपासलं. सहा महिने त्याने सी नसलेलं अन्न खाल्लं. तीन महिने झाल्यावर पाठीवर चीर देऊन घेतली; रक्तातलं सी तोवर शून्यावर आलेलं असूनही ती भरली. सहाव्या महिन्यात पुन्हा चीर दिली. या वेळी वरची कातडी जुळली, पण आतलं मांस दहा दिवसांनीही जुळलेलं नव्हतं. मग शिरेतून सी दिल्यावर तीच जखम भरत आली. १९४० मध्ये हा अनुभव छापून आला. पहिल्या चिरेइतकीच मला दुसरी चीर बोलकी वाटते: टाके सुबक, कातडी जुळलेली, आत मात्र काहीच धरलेलं नाही. पोटाच्या शस्त्रक्रियेनंतर टाके तुटले की दोष नेहमी टाके घालणाऱ्याच्या हाताचाच असतो असं नाही. जुन्या जखमांचीही हीच गत. १७४० च्या दशकात जगप्रदक्षिणेला निघालेल्या ॲन्सनच्या ताफ्यावर स्कर्व्ही पसरली तेव्हा एका म्हाताऱ्या सैनिकाच्या पन्नास वर्षांपूर्वी भरलेल्या जखमा पुन्हा उघडल्या, अशी नोंद आहे. शरीर कोलॅजन सतत मोडतं आणि नव्याने विणतं. भरलेली जखमही रोज थोडी थोडी भरत राहावी लागते.

बाकीच्यांबद्दल थोडक्यात. के नसलं की रक्त गोठत नाही. काविळीच्या आणि पित्तमार्गाच्या रुग्णांत, आणि अँटिबायोटिक्सनी आतड्यातले जंतू मारलेल्यांत, ते लवकर उणं पडतं. फॉलिक ॲसिड शिरेतल्या पोषणात कमी पडलं तर गंभीर आजारी माणसाच्या रक्तपेशी काही आठवड्यांतच घटू लागतात. फॉलिक ॲसिडची कथा मुंबईतून सुरू होते, हे सांगितल्याशिवाय पुढे जाववत नाही. लूसी विल्स ही इंग्रज बाई १९२८ मध्ये मुंबईला आली, गिरणीत काम करणाऱ्या गरोदर बायकांचा रक्तक्षय अभ्यासला, आणि यीस्टच्या स्वस्त अर्काने तो बरा होतो हे दाखवलं. त्यातला गुणकारी भाग म्हणजे पुढे ओळखलं गेलेलं फोलेट. बी-१२ चा साठा वर्षानुवर्षं पुरतो, त्यामुळे घाई नाही असं वाटतं. पण जठर किंवा लहान आतड्याचं शेवटचं टोक काढलेल्याला ते पुढे कायम टोचून घ्यावं लागतं. आणि आपल्याकडे मुळातच साठा कमी असलेली माणसं पुष्कळ. पुण्याच्या केईएम रुग्णालयात डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या अभ्यासांतून हे वारंवार दिसलं आहे. अशा माणसाला भूल देताना नायट्रस ऑक्साइड बराच वेळ वापरला, तर तो वायू उरलंसुरलं बी-१२ निकामी करतो, आणि शस्त्रक्रियेनंतर काही आठवड्यांनी हातापायांना मुंग्या, चालताना अडखळणं सुरू होतं.

अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २००० साली प्रौढांच्या मिश्रणाची यादी सुधारली. थायमिन तीनवरून सहा मिलिग्रॅम केलं, सी शंभरवरून दोनशे, फॉलिक ॲसिड चारशेवरून सहाशे मायक्रोग्रॅम, बी-६ चारवरून सहा मिलिग्रॅम, आणि के पहिल्यांदाच आत घेतलं, १५० मायक्रोग्रॅम. तेरा जीवनसत्त्वं झाली. आपल्या बाजारातल्या प्रत्येक अँपूलमध्ये तेराच्या तेरा असतीलच, असं समजू नये. डबीच्या मागची बारीक अक्षरातली यादी वाचावी आणि जे नाही ते वेगळं द्यावं. हे काम पाच मिनिटांचं आहे.

आणि घातलं म्हणजे पोचलं, असंही नाही. जीवनसत्त्वं पिशवीतही मरतात. उजेडाने ए आणि रायबोफ्लेविन विटतं. पिशवीत शिरलेल्या ऑक्सिजनने सी जातं, आणि तांब्याचा अंश असेल तर झपाट्याने जातं. अमिनो आम्लांच्या काही द्रावणांत टिकण्यासाठी सल्फाइट घातलेलं असतं, ते थायमिनचा रेणूच तोडतं. ए तर प्लास्टिकच्या पिशवीला आणि नळीला चिकटून बसतं. रुग्णाच्या शिरेपर्यंत त्याचा थोडाच भाग जातो. घरी वर्षानुवर्षं टीपीएन घेणाऱ्यांत रातांधळेपणा दिसला तो ए उणं पडल्यानेच. म्हणून अँपूल पिशवीत आधीपासून घालून ठेवायचं नाही, लावायच्या वेळी घालायचं, आणि पिशवीवर रंगीत खोळ चढवायची. वॉर्डात ती खोळ पुष्कळदा काढून ठेवलेली दिसते, कारण आतलं किती उरलं ते दिसत नाही.

रुग्णाच्या उशाशी रात्र काढणाऱ्या मुलाला, सुनेला, भावाला यातलं काही करता येईल का? येईल. पिशवी बदलायला सिस्टर येतात तेव्हा विचारावं, "सिस्टर, आज जीवनसत्त्वं घातलीत का? थायमिन वेगळं चालू आहे का?" यात डॉक्टरांवर अविश्वास नाही. दोन पाळ्या, तीन डॉक्टर आणि एक औषधांचं दुकान यांच्या मधे एक अँपूल राहून जायला फार काही घडावं लागत नाही. ‘आज मिळालं नाही, उद्या आणतो’ एवढं पुरतं. अमेरिकेतल्या त्या रुग्णांचंही असंच झालं होतं.

मग एक दिवस सर्जन पोटावर स्टेथोस्कोप टेकवतात, आतड्याची गुरगुर ऐकतात आणि म्हणतात, आज चार चमचे पेज देऊन बघा. कोकणातल्या आणि गोव्यातल्या घरून ती पेज आली तर बहुधा उकड्या तांदळाची येते. भात साळीसकट उकडला की कोंड्याजवळचं थायमिन दाण्यात आत मुरतं, आणि मग तो कांडला तरी बरंचसं आत राहतं. आंध्रच्या किनाऱ्यावर सडीचा कच्चा तांदूळ खाणाऱ्यांत बेरीबेरी होती, तेव्हा उकडा खाणारे मुलूख तिच्यापासून बऱ्यापैकी सुटले होते. पण चार चमच्यांनी दिवसाची गरज भागत नाही. त्या दिवशीही पिशवी लटकलेलीच असते, आणि तिच्यातही दहा मिलिलिटर पिवळं घालायचं असतं. उद्या वाटीभर पेज, परवा मऊ भात आणि वरण, पिशवी अर्ध्यावर, असं करत करत ताट पुरेसं होईपर्यंत.